पलंग त्यांचा, गादी आमची

परक्या घरात जाऊन तिथल्या पलंगावर आडवं व्हायचं, हे माझं काम आहे. असं सांगितलं की समोरचा माणूस आधी खाकरतो आणि मग हवापाण्यावर बोलायला लागतो. म्हणून पुढचं वाक्य मी घाईनं सांगून टाकते, की राजारामपुरीत आमचं गाद्यांचं दुकान आहे, आणि ‘गादी टोचते’, ‘गादी बसली’, ‘पाठ धरली’ अशी तक्रार आली की घरी जाऊन बघणारं माणूस म्हणजे मी. आंबा दाबून कळतो, गादी दाबून कळत नाही. तिच्यावर झोपावंच लागतं.

हे काम माझ्याकडं आलं ते मालकांमुळं. मालक म्हणजे माझा नवरा. आमच्याकडं नवऱ्याला असंच म्हणतात. लग्न होऊन मी गडहिंग्लजकडनं इथं आले तेव्हा तक्रारीला तेच जायचे. पण झोपायच्या खोलीत परका पुरुष शिरला की घरातल्या बाया दारात येऊन उभ्या राहायच्या, आणि त्यांच्या नजरेखाली मालक गादीच्या कडेला एक बोट लावून परत यायचे. एका घरी मात्र आजीबाई एकट्याच होत्या आणि त्या चहा टाकायला आत गेल्या. मालक बिनधास्त आडवे झाले. आजीबाई कप घेऊन आल्या तेव्हा हे घोरत होते. बिचारीनं चहा झाकून ठेवला आणि दुकानात फोन केला, ‘तुमचं माणूस उठवायचं का झोपू द्यायचं?’

मालकांना झोप कुठंही लागते. गोणीवर लागते, एसटीच्या फळीवर लागते, लग्नात अक्षता पडत असताना लागते. अशा माणसाचं मत गादीच्या बाबतीत काय कामाचं? त्या दिवशी सासऱ्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, ‘अव्वा, उद्यापासून तू जा.’ घरात आम्ही कानडी बोलतो, अव्वा म्हणजे आई, आणि सुनेला लाडानं तसं म्हणायची सासऱ्यांची पद्धत होती. तेव्हापासून मी जाते. गल्लीत मला गादीवाल्या अक्का म्हणतात.

एक सांगून ठेवते. कोल्हापूरच्या आम्ही बायका बोलताना ‘मी आलो, मी जातो’ असंच म्हणतो. लिहिताना मी शाळेत शिकवलं तसं ‘गेले, आले’ लिहिते आहे, पण पुढं कुणी बाई ‘मी सांगतो’ म्हणाली तर दचकू नका.

आता आमचा धंदा. गादी म्हणजे खोळ आणि कापूस, दुसरं काही नाही. नवा पिंजलेला कापूस फुललेला असतो, त्याच्यात हवा असते, आणि आपण झोपतो ते निम्मं त्या हवेवर. कापूस खोळीत सारखा पसरायचा, काठीनं झोडून बसवायचा, मग दाभणानं आरपार टाके घालायचे, म्हणजे तो जागचा हलत नाही. टाका ढिला पडला की कापूस पळतो. जिथं वजन नाही तिथं पळतो, म्हणजे कडेला आणि पायथ्याला, आणि मधे खड्डा पडतो. रोज त्याच जागी झोपलं, ऊन दाखवलं नाही, न्हाऊन ओल्या केसांनी लवंडलं, पोरानं मुतल्यावर वरच्यावर पुसून घेतलं, की कापसाच्या गुठळ्या होतात आणि त्या पाठीला लागतात. मग गादी उसवायची, कापूस परत पिंजायचा आणि परत भरायची. चार-पाच वर्षांनी एकदा एवढं केलं तर गादी घरातल्या म्हाताऱ्यांच्याही पुढं टिकते. पूर्वी हे सगळ्या कोल्हापूरला ठाऊक होतं. आता पोरी मला विचारतात, ‘पिंजायचं म्हंजे काय वो अक्का?’

पण तक्रारीला गेल्यावर निम्म्या वेळा दोष गादीत नसायचाच. आमच्याच गल्लीतले एक गृहस्थ कंबर धरून आले. मी जाऊन आडवी झाले तर बरोबर कमरेखाली काहीतरी रुतलं. गादी उचलली. त्यांना पँट गादीखाली घालून घडी बसवायची सवय होती, आणि पट्टा काढायचं राहिलं होतं. बक्कल कमरेला लागत होतं. त्यांची बायको एवढी हसली की शेवटी तिचीच कंबर धरली.

आणि वस्तादांचं तर वेगळंच. तालमीतून निवृत्त झालेले वस्ताद, सगळं आयुष्य फरशीवर घोंगडं टाकून झोपलेले. पोरानं बंगला बांधला, जाडजूड फोमची गादी आणली आणि वस्तादांची झोप गेली. दुकानात आले आणि बाकावर बसून म्हणाले, ‘अक्का, त्या गादीत मी बुडतोय. कूस बदलायची म्हंजे कुस्ती हाय.’

‘मग कशी पाहिजे?’

‘फरशीसारखी.’

आतून मालक ओरडले, ‘मग फरशीवरच झोपा की वस्ताद!’

वस्ताद बाकावर पुढं सरकले. मग आवाज खाली आणून म्हणाले, ‘मंडळी झोपू देत न्हाईत. म्हणत्यात, लोक काय म्हणतील, पोरानं बंगला बांधला आन् बापाला खाली झोपवला.’

मग आम्ही त्यांना गादी करून दिली. खाली काथ्याचा थर, वर जुना, दबलेला कापूस ठासून भरलेला आणि टाके जवळजवळ. आमच्याकडं पिंजायचं मशीन चालवणारे चाचा होते. ते काठीनं झोडता झोडता म्हणाले, ‘अक्का, जिंदगीभर गादी मऊ करायला शिकलो, आज पहिल्यांदा कडक करतोय.’ वस्ताद येऊन तिच्यावर झोपले, बोटांनी टकटक वाजवून बघितलं आणि म्हणाले, ‘आता कसं!’ वर त्यांनी दुकानातल्या सगळ्यांना दूध पाजलं. वरनं फुलाफुलांची चादर टाकली की ती गादी दिसायला मऊच दिसायची, त्यामुळं घरची मंडळीही खूश झाली.

गादी पाठीसाठी असते हे खरं, पण लोक काय म्हणतील यासाठीही असते. हे मला वस्तादांच्या वेळी थोडं कळलं आणि स्नेहलच्या गादीच्या वेळी पुरतं कळलं. तीच गोष्ट सांगायला मी हा लेख लिहायला बसले आहे.

स्नेहलचे वडील गावडे, चंदगडकडचे. ते दुकानात आले तेव्हा पाऊस अजून पुरता गेला नव्हता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चपला हातात. चपला का काढल्या विचारलं तर म्हणाले, ‘पांढरा कापूस हाय ओ सगळीकडं, चिखल लागंल.’ पोरीचं लग्न दिवाळीनंतरचं ठरलं होतं, इथं मंगळवार पेठेत. ‘बैठकीत ठरलंय,’ ते म्हणाले, ‘पलंग त्येंचा, गादी आमची.’

आमच्याकडं लग्नाच्या बैठकीत असं ठरतं. कपाट कुणाचं, भांडी कुणाची, फेटे कुणाचे, सगळं माणसांसमोर बोलून घेतात. पलंग एका घरचा आणि गादी दुसऱ्या घरची, असं पुष्कळदा असतं. ऐकायला सोयीचं वाटतं. पण पाठ दुखली की दोष कुणाचा, हे त्या बैठकीत ठरलेलं नसतं.

गावड्यांनी प्रत्येक ढिगातला कापूस चिमटीत घेऊन चोळला, हुंगला, उजेडाला धरला. तयार गादीवर पाय बाहेर काढून, अंग चोरून झोपून बघितलं. एसटीचा एवढा प्रवास करून ते दोन-तीनदा आले, निव्वळ काम कुठवर आलं ते बघायला. टाके घालत होते तर समोर बसून राहिले. म्हणाले, ‘आमच्याकडं पोरगी वाकळंवर झोपलीया, तिला काय बी चालतंय. पन तिथं तिला गादीवरनं कुणी काय बोलाय नको.’ मी म्हटलं, ‘पावणं, ह्या गादीला नाव ठेवणारा अजून जन्माला यायचाय.’ मोठा शब्द होता. पण गादी खरंच तशी झाली होती. चाचांनी कापूस दोनदा पिंजला होता आणि टाके मी स्वतः घातले होते.

लग्न होऊन दोनएक महिने झाले असतील. दुकानासमोर रिक्षा थांबली. टपावर आमची गादी बांधलेली, आणि आत गादीपेक्षा ताठ बसलेल्या शोभाताई. स्नेहलची सासू. उतरल्या आणि भर रस्त्यात म्हणाल्या, ‘ह्यो बघा तुमचा माल! माझं पोरगं रोज सकाळी वाकडं उठतंय.’

त्यांचा मुलगा सागर मोटरसायकलींच्या शोरूममध्ये कामाला होता. दिवसभर उभं राहायचं आणि रात्री पाठ टेकायची तर ही गत. मी गादी आत घेतली, फरशीवर पसरली आणि आडवी झाले. पाठीवर, उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर. काही नाही. एक कोपरा उसवून आत हात घातला. कापूस भरला तसाच, मोकळा. जेवून आल्यावर मालक म्हणाले, ‘बघू मी,’ आणि संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला मी त्यांना उठवलं. त्यांचं मत मी धरत नाही, पण ते उठले ते सरळ उठले. कोपरा शिवून, चार टाके उगाच आवळून गादी परत पाठवली.

आठवड्यानं शोभाताईंचा फोन आला. यावेळी आवाज शांत होता आणि मला शांत आवाजाचीच जास्त भीती वाटते. ‘अक्का, काय फरक न्हाई. रविवारी मी चंदगडच्या पावण्यास्नी बोलावलंय. चार मान्सं असतील. त्येंच्या म्होरं गादी ठेवतो आन् सांगतो, घेऊन जावा तुमची गादी. आमी गाद्यांच्या शोरूममधली आणतो.’

दुसऱ्याच दिवशी गावड्यांचा फोन. मागं एसटी स्टँडचा गलका ऐकू येत होता. ‘अक्का, माल तुमचा व्हता, पन शब्द माझा व्हता. आता चार मान्सांत मान खाली घालायची आली.’ एवढंच बोलले. दोष दिला नाही, शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

गादी परत गेली तर काय होतं हे कुणाला सांगायला नको. ती एसटीच्या टपावर बांधली जाणार, गावात उतरणार, आणि सगळं गाव विचारणार. आणि इकडं स्नेहलनं पुढं काहीही केलं, भाजी खारट झाली, पोराला सर्दी झाली, तरी ‘बापानं गादी दिली तशीच पोरगी’ हे वाक्य त्या घरात तयारच असणार. मला रागानं काही सुचेना. पदर खोचला आणि म्हटलं, ‘जातो आणि विचारतो त्या बाईला!’

मालकांनी आयुष्यात मला दिलेला एकमेव कामाचा सल्ला तेव्हा दिला. म्हणाले, ‘भांडाय जाऊ नको. झोपाय जा.’

शनिवारी दुपारी मी मंगळवार पेठेत गेले. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, टापटीप. आतल्या खोलीत नवा पलंग, खाली सामान ठेवायला पेटी असलेला, आणि त्याच्यावर आमची गादी. शोभाताई हाताची घडी घालून दारात उभ्या. मी ‘येऊ का?’ म्हटलं आणि आडवी झाले.

डाव्या बाजूला ठीक होतं. उजवीकडं सरकले, आणि कमरेच्या वर, पाठीच्या बरोबर मधे, खालून काहीतरी उठून आलेलं लागलं. कापसाची गुठळी दाबली की थोडी तरी दबते. हे दबत नव्हतं. माझी गादी निर्दोष आहे हे मला तिथंच कळलं, आणि जीव भांड्यात पडला. पण बोलायचं कसं? ‘गादी चांगली हाय, पलंग तुमचा वाईट’ म्हटलं की भांडण गादीवरनं पलंगावर जाणार, म्हणजे मुलीकडनं मुलाकडं जाणार, आणि त्याची शिक्षा भोगायला त्या घरात एकटी स्नेहलच राहणार.

तेवढ्यात गल्लीत आरडाओरडा झाला, ‘पाणी आलं, पाणी आलं!’ शोभाताई घागर घेऊन पळाल्या. कोल्हापुरात नळाला पाणी आल्यावर बाई कुणासाठी थांबत नाही.

स्नेहल चहा घेऊन आली. पोरसवदा चेहरा, नवी कोरी बांगडी. कप ठेवला आणि दाराकडं बघत हळूच म्हणाली, ‘अक्का, गादी उचलून बघा.’

‘काय हाय खाली?’

‘पूजाताईंची भांडी.’ पूजा म्हणजे तिची नणंद, कॉलेजात शिकणारी. ‘आई त्येंच्या लग्नासाठी जमवत्यात. पेटीत मावत न्हाईत. फळी गुडघा देऊन बसवत्यात, पन ती परत वर येतीया.’

‘मग नवऱ्याला सांगायचं न्हाईस?’

‘ते आईंना जाऊन सांगणार. आन् आई म्हणणार, आल्या आल्या नणंदेचं सामान हिच्या डोळ्यात खुपाय लागलं.’

ती पोर दोन महिने त्या उंचवट्याशेजारी झोपली होती, वर बापाच्या गादीबद्दल ऐकत होती, आणि गप्प होती. मला तिचा राग आला आणि मायाही आली. मी गादीचा कोपरा उचलून फळीच्या फटीतून आत बघितलं. पितळेची घागर, परात, समई, स्टीलचे डबे एकात एक बसवलेले, प्रत्येक वस्तू जुन्या साडीच्या फडक्यात गुंडाळलेली. घागरीचा काठ खालून फळीला भिडला होता. हे सामान काही एका दिवसात आणलेलं नव्हतं. भिशी फुटली की एक डबा, दसऱ्याला एक परात, असं ते वर्षानुवर्षं जमवलेलं होतं. माझ्या अव्वानं माझ्यासाठी असंच जमवलं होतं, धान्याच्या कणगीमागं. शोभाताईंवरचा माझा राग तिथंच गेला. ती बाई वाईट नव्हती. तिलाही एक पोर कुणाच्यातरी घरी पाठवायची होती.

बाहेर घागर टेकल्याचा आवाज आला. मी स्नेहलला डोळ्यानं आत पाठवलं आणि परत आडवी झाले.

शोभाताई हात पुसत आल्या. ‘मग? कळलं काय?’

‘शोभाताई,’ मी छताकडं बघत म्हटलं, ‘ह्या पलंगात पितळंचं काय ठेवलंय का?’

‘का वो?’

‘वास येतोय मला.’ माझं नाक तेव्हा सर्दीनं बंद होतं. ‘नव्या कापसाची ऊब पितळंला चांगली न्हवं. काळं पडतंय. डाग पडला की मग चिंच लावा, काय बी लावा, उजळत न्हाई.’

हे माझ्या तोंडून कसं आलं ते मला आजही सांगता येणार नाही. इतक्या वर्षांच्या धंद्यात असलं शास्त्र मी कधी ऐकलेलं नव्हतं.

शोभाताईंनी माझ्याकडं बघितलं. मग पलंगाकडं बघितलं. ‘लई काळं पडतंय?’

‘ठिपके पडत्यात. स्टीललाबी.’

‘स्टीललाबी?’ त्यांनी विचारलं, आणि मला वाटलं, आता मेले. पण त्या वळल्या आणि ओरडल्या, ‘स्नेहल! ए स्नेहल! धर गं गादी!’

आम्ही तिघींनी गादी भिंतीला लावली. फळी काढली. शोभाताई एकेक भांडं बाहेर काढून फडकं सोडत होत्या आणि उजेडात फिरवून बघत होत्या. घागरीच्या बुडाला त्यांना एक डाग सापडला. ‘ह्यो बघा पडलाय!’ त्या मला दाखवत म्हणाल्या. मी जवळ जाऊन बघितलं आणि गंभीर चेहरा करून म्हटलं, ‘वेळेत कळलं म्हणायचं.’ भांडी माळ्यावर गेली. माळ्यावर सागरची शाळेतली मोडकी सायकल होती, ती भंगारात गेली. फळी जागेवर ठेवली तर गुडघा न देता बसली. वर गादी टाकली.

‘झोपा,’ मी म्हटलं.

‘मी?’

‘तुमीच.’

शोभाताई पदर सावरून आडव्या झाल्या. पाठीवर, मग उजव्या कुशीवर. हातानं पाठीखालची जागा चाचपली. स्नेहल दाराच्या चौकटीला धरून उभी होती. शेवटी शोभाताई उठून बसल्या आणि म्हणाल्या, ‘गादी बरी हाय की.’ आणि लगेच, ‘उद्या पावणं येणारायत. स्नेहल, तुझ्या बाबास्नी मटन चालतंय न्हवं?’

रविवारी संध्याकाळी गावडे परतीच्या एसटीआधी दुकानात आले. चेहऱ्यावर पार गोंधळ. ‘अक्का, रस्सा केलता, वड्या केलत्या, आग्रह करून वाढलं. गादीचं कुणी नावबी काढलं न्हाई. मग मला बोलावलं कशाला व्हतं?’

‘जेवायला,’ मी म्हटलं.

ते माझ्याकडं बघत राहिले, मग हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी टॉवेलनं डोळे पुसले. पिशवीतनं घरच्या काजूचा पुडा काढून टेबलावर ठेवला. मटणातलं आम्हा लिंगायतांना काही कळत नाही, पण तो काजू मालकांनी एका बैठकीत संपवला हे मी सांगू शकते.

माझ्या त्या थापेचं पुढं जे झालं ते मात्र मला महागात पडलं. शोभाताईंकडनं ऐकून मंगळवार पेठेतल्या बाया दुकानात यायला लागल्या. ‘अक्का, तांब्याचा हंडा चालतोय का गादीखाली?’ ‘अक्का, चांदीला काय हुतंय?’ नाही म्हणावं तर शोभाताई खोट्या पडणार. मी आपली म्हणायची, ‘कशाला ठेवायचं? गादीला खालनं वारं लागाय पाहिजे.’ यातला दुसरा भाग तरी खरा होता. मालक म्हणाले, ‘गाद्या सोड, भांड्याचं दुकान टाक.’

आता धंदा पूर्वीचा राहिला नाही. चाचा मुलाकडं मिरजेला गेले आणि मशीन आठवड्यातले निम्मे दिवस बंद असतं. पुण्यात माझ्या मुलीनं गादी मागवली ती खोक्यात गुंडाळून आली. दोरी कापली तशी फुगली. मी तिच्यावर झोपले. नावं ठेवायची म्हणूनच झोपले होते, पण झोप चांगली लागली, हे कबूल करायला हवं. एवढंच वाटतं की ती बिघडली की टाकूनच द्यायची. उसवून आत काय झालंय ते बघायचं, कापूस काढायचा, पिंजायचा आणि त्याच खोळीत परत भरायचा, हे तिच्यात नाही. आणि ती विकणारं माणूस घरी येऊन तुमच्या पलंगावर झोपत नाही. कुणाच्या घरात काय खुपतंय हे त्याला कळायचं कसं?

गेल्या वर्षी दुकानासमोर स्कूटर थांबली. शोभाताई आणि पूजा. पूजाचं लग्न ठरलं होतं, नृसिंहवाडीजवळचं स्थळ. शोभाताई बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, ‘पलंग त्येंचा, गादी आमची.’

मग त्यांनी प्रत्येक ढिगातला कापूस चिमटीत घेऊन चोळला. हुंगला. उजेडाला धरला. तयार गादीवर पाय बाहेर काढून, अंग चोरून झोपून बघितलं. मी गावड्यांना तिथंच तसंच झोपलेलं बघितलं होतं. मी उगाच मालकांवर ओरडले, ‘पावण्यास्नी चहा सांगा की!’

सगळं ठरलं. पूजा स्कूटर काढायला पुढं गेली. शोभाताई पायरीवरनं परत आत आल्या.

‘अक्का, गादी पोचवायला टेम्पोवाल्याला नुसतं पाठवू नका. तुमी सोता जावा.’

‘जातो की.’

‘आन् तिथं गेल्यावर,’ त्यांनी पदर नीट केला, ‘पूजाच्या सासूबाईस्नी ते पितळंचं तेवढं सांगून या.’

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. त्या हसल्या नाहीत. ‘म्हंजे तुमास्नी त्या दिवशीच कळलं व्हतं?’ मी विचारलं.

‘जन्मभर भांडी घासतोय मी, अक्का. पितळ कशानं काळं पडतंय ते मला ठाव न्हाई व्हय?’

आणि गेल्या. घागरीच्या बुडाचा तो डाग त्यांनीच शोधून मला दाखवला होता, हे मला त्या गेल्यावर आठवलं.

लग्नाआधी दोन दिवस मी टेम्पोत पुढं बसून नृसिंहवाडीजवळच्या त्या घरी गेले. गादी घातली. पूजाची सासू पाणी आणायला आत गेली तेवढ्यात गादीचा कोपरा वर करून पलंगाची फळी उचलून बघितली. इथंही खाली पेटी होती, पण रिकामी. तरी सासूबाईंना ते पितळेचं सांगून आले.